रशियन उच्चार: मराठी माणसाची जीभ कुठे अडते? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियनमध्ये सगळ्यात अवघड आवाज कुठला?

विद्यार्थ्यांना विचारलं तर ते एका विचित्र स्वराचं नाव घेतात, नाहीतर ‘ती भली मोठी जोडाक्षरं’ म्हणतात. मला विचाराल तर व्यंजनांचा मऊपणा. तो विचित्र स्वर दोनेक आठवड्यांत बसतो, जोडाक्षरंही सुटतात. ‘मऊ त’ आणि ‘जड त’ यांतला फरक मात्र वर्षभर शिकून झालेल्यांच्याही कानाला कळत नाही, आणि कानाला कळला नाही तर जिभेला कुठून येणार? म्हणून या पानावर त्यावर सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

मराठी येत असल्याचा काही फायदा होतो का?

भरपूर होतो, फक्त इंग्रजीच्या वाटेने गेलात तर तो हातचा जातो.

रशियन ‘त’, ‘द’, ‘न’ दंत्य आहेत, म्हणजे जीभ दातांना लागते, आपल्या त-द-न सारखीच. टॉलस्टॉय हे नाव आपल्याकडे इंग्रजीतून आलं म्हणून त्यात दोन ‘ट’ शिरले. रशियन माणूस ‘ताल्स्तोय’च्या जवळ जाणारं काहीतरी म्हणतो. त्याचा ‘प’, ‘त’, ‘क’ही अल्पप्राण असतो. इंग्रज ज्या तऱ्हेने शब्दाच्या सुरुवातीला हवा सोडतो, तशी इथे सोडत नाहीत. तोंडासमोर कागद धरून ‘पापा’ म्हणा. कागद हलला नाही, तर तुमचा रशियन ‘प’ तयार आहे.

दुसरा फायदा आपल्या दोन ‘च’चा. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे आहेत, फक्त लिहिताना आपण ते एकाच अक्षराने लिहितो. रशियनमध्ये त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘चाक’मधला आवाज म्हणजे रशियन ‘त्स’; त्सार, त्सिर्क या शब्दांतला. हिंदी भाषकांना यासाठी बसून घोकावं लागतं, आपल्याला ‘चाक’ म्हणायचं असतं, बस. ‘जागा’मधला ज रशियन ‘ज़’च्या शेजारी राहतो. फक्त आपण त्यात ‘द’चा हलका स्पर्श करतो, तो काढून टाकायचा. जीभ कुठेही टेकता कामा नये.

आणि ‘घर’मधला अ. आघात म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावर दिलेला जोर; आघात नसलेल्या रशियन स्वरांसाठी हा अ लागतो, आणि आपण तो दिवसभर वापरत असतो.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवले तर चालतील का?

पहिल्या महिन्यात चालतील, नंतर वही बंद करा. तेहेतीस अक्षरांची लिपी आठ-दहा दिवसांत येते, आणि देवनागरीची कुबडी धरली की डोळा मूळ अक्षराकडे बघतच नाही.

या पानावर मात्र मी सगळं देवनागरीतच लिहिते आहे, म्हणून खुणा समजून घ्या. ज्या अक्षरावर आघात आहे त्यापुढे ‘ऽ’. शब्दाच्या शेवटी किंवा मध्ये ’ अशी खूण असेल, तर तिच्या आधीचं व्यंजन मऊ. चौकटी कंसातला [ई] हा खास रशियन स्वर, त्याबद्दल पुढच्याच प्रश्नात. ‘ष’ म्हणजे जड ष, ‘श्श’ म्हणजे लांबवलेला मऊ श, ‘झ़’ म्हणजे ष चा घोष (गळा थरथरवून काढायचा) जोडीदार. नुक्ता (अक्षराखालचं टिंब) दिलेले ख़, फ़, ज़ हे घर्षणाचे आवाज. या खुणा कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत, इथल्या कामापुरत्या आहेत.

तो विचित्र [ई] कसा काढायचा? माझ्या तोंडून ‘वी’ नाहीतर ‘उई’ येतं.

‘ऊ’ म्हणा आणि आवाज लांबवत ठेवा. आता जीभ होती तिथेच ठेवून फक्त ओठ फाकवा, हसताना फाकतात तसे. जे ऐकू येईल ते बरंचसं [ई] आहे. जीभ थोडी पुढे सरकली तर सरकू द्या. बहुतेकांची जीभ ओठांबरोबर एकदम पुढे पळते आणि साधा ई येतो. तसं होत असेल तर पेन्सिल आडवी दातांत धरून हाच प्रयोग करा.

दुसरी वाट ‘ई’कडून. ई म्हणताना जीभ हळूहळू घशाकडे ओढायची. मला पहिली वाट सोपी वाटते, कारण ओठ आरशात दिसतात, जीभ दिसत नाही.

‘उई’ येण्याचं कारण अगदीच चुकीचं नाही. ब, प, म, व यांच्यानंतर हा स्वर खरोखरच किंचित वळण घेत येतो, आणि तेच तुमच्या कानाने पकडलं आहे. पण ते वळण तुम्ही मुद्दाम आणायचं नाही, आपोआप येतं. दोन वेगळे स्वर ऐकू आले की चुकलं.

चूक झाली तर अर्थ बदलतो. ‘ब[ई]ल’ म्हणजे ‘होता’, ‘बील’ म्हणजे ‘मारत होता’. ‘म[ई]ऽष्का’ म्हणजे छोटा उंदीर, ‘मीऽष्का’ म्हणजे अस्वल. 

या स्वराने अस्सल रशियन शब्द सुरू होत नाही. सुरुवातीला तो दिसतो तो सैबेरियातल्या याकूतिया प्रांतातल्या काही गावांच्या नावांत. पण बोलताना तो अशा ठिकाणी डोकावतो जिथे लिहिलेला नसतो. ‘मी भारतातून आलोय’ हे वाक्य आपल्याला पहिल्याच दिवशी लागतं. लिहिताना ‘या इज़ ईन्दिइ’ असं लिहायचं, पण ‘इज़’चा जड ज़ पुढच्या ई ला मागे खेचतो आणि बोलताना होतं ‘या इज़[ई]ऽन्दिइ’. तसंच ‘भारतात’ म्हणजे ‘व्[ई]ऽन्दिइ’. आपल्याच देशाचं नाव घेताना हा स्वर टाळता येत नाही.

झ़, ष, त्स यांच्यानंतर साधा ई लिहिलेला असला तरी वाचायचा [ई]. हा लेखनाचा नियम रशियन मुलं पहिलीतच यमकासारखा पाठ करतात.

मऊ आणि जड व्यंजनं म्हणजे नक्की काय?

आधी एक सावधगिरी. शाळेतल्या मराठी व्याकरणात मृदू-कठोर म्हणजे ग आणि क, ब आणि प. इथे त्याचा काहीही संबंध नाही, म्हणून मी ‘मऊ’ आणि ‘जड’ म्हणते.

रशियनमध्ये 15 व्यंजनांच्या जोड्या आहेत: प्रत्येकाचं एक जड रूप, एक मऊ रूप. मऊ रूप काढताना व्यंजन जिथे उच्चारायचं तिथेच उच्चारायचं, पण त्याच क्षणी जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलायचा. ‘त्याच क्षणी’ हे महत्त्वाचं. आपण करतो काय, की आधी त म्हणतो आणि मग य जोडतो. ‘मात’’ (आई) हा शब्द मराठी माणूस ‘मात्य’ म्हणतो आणि रशियन कानाला तिथे एक जादा आवाज ऐकू येतो.

हे आपल्याला अगदीच परकं नाही. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ सावकाश म्हणून बघा. पहिल्या शब्दात च दातांशी आहे, दुसऱ्यात तो टाळूकडे गेला. का? पुढच्या ‘ई’ने जीभ आधीच वर उचलली म्हणून. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही तेच. मराठी हे च, ज, झ यांच्यापुरतं करते, रशियन जवळपास सगळ्या व्यंजनांना करते.

तेव्हा युक्ती अशी. ‘माती’ म्हणा. मग शेवटचा ई फक्त कुजबुजा. मग कुजबुजही बंद करा, पण जीभ ई म्हणायला निघालेल्या जागी राहू द्या. उरतं ते ‘मात’’. त मऊ झाला की त्याला थोडासा ‘च’चा किंवा ‘त्स’चा वास येतो. घाबरू नका, रशियन तोंडातही येतो. ‘त्योऽत्या’ (मावशी, आत्या) हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या कित्येकांनी माझ्यासमोर ‘च्योच्या’ असा लिहून घेतला आहे.

र साठी मराठीने आणखी एक सोय करून ठेवली आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तुम्हाला ऐकू येतो ना? रशियन मऊ र हा ‘दऱ्या’कडचा आहे. ‘बूऽऱ्या’ (वादळ) असा म्हणा, ‘बूर्या’ असा नाही. शब्दाच्या शेवटी मऊ र आला, जसा ‘स्लावाऽर’’ (शब्दकोश) मध्ये, तर थोडा त्रास होतो. तिथे र एकदाच टेकवा, थरथरवू नका.

घोकायच्या जोड्या:

ब्रात (भाऊ) – ब्रात’ (घेणे)
म्येल (खडू) – म्येल’ (उथळ पाणी)
ऊऽगल (कोपरा) – ऊऽगल’ (कोळसा)
नोस (नाक) – न्योस (वाहून नेत होता)
लूक (कांदा) – ल्यूक (जमिनीतलं झाकण, मॅनहोलचं असतं तसं)

यापुढची पायरी म्हणजे मऊ व्यंजन आणि वर खरोखरचा य. ‘स्येऽम्या’ म्हणजे बी, ‘सिम’याऽ’ म्हणजे कुटुंब. पहिल्यात फक्त मऊ म, दुसऱ्यात मऊ म आणि त्यानंतर स्पष्ट य. तुम्ही सुरुवातीपासून सगळीकडे य जोडत आला असाल, तर हा फरक दाखवायला तुमच्याकडे काही शिल्लकच राहत नाही.

व्यंजन मऊ आहे हे वाचताना कसं कळतं?

पुढच्या अक्षरावरून. स्वरांची दहा अक्षरं आहेत: पाच आधीच्या व्यंजनाला जड ठेवतात, पाच त्याला मऊ करतात. स्वर नसेल तर ‘म्याऽख़्किय ज़्नाक’ म्हणजे मऊपणाची खूण येते. तिला स्वतःचा आवाज नाही. ष, झ़, त्स कायम जड. च, श्श आणि य कायम मऊ. बाहेरून आलेल्या काही शब्दांत हा नियम पाळत नाहीत: ‘काफेऽ’चा फ आणि ‘इंटरनेट’चा त जडच राहतो.

रशियन जड ल म्हणजे आपला ळ का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की काही जण शिकवतानाही असंच सांगतात. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला आपटतं. रशियन जड ल मध्ये टोक वरच्या दातांना टेकलेलं असतं आणि जिभेचा मागचा भाग ऊ म्हणताना असतो तसा वर उचललेला असतो. तोंडात ऊ ची पोकळी ठेवून ल म्हणा, तसा. मऊ ल म्हणजे ‘लिंबू’मधला, आणखी थोडा टाळूकडे. आपला रोजचा ल या दोघांच्या मधोमध बसतो, म्हणून दोन्ही बाजूंना तो अर्धवट वाटतो. ‘पोऽल्का’ म्हणजे फळी आणि ‘पोऽल’का’ म्हणजे पोलंडची स्त्री.

ष, श्श आणि झ़?

शाळेत ‘पोटफोड्या ष’ म्हणून शिकलात आणि नंतर बोलताना श मध्ये मिसळून टाकलात, तो बाहेर काढा. रशियन जड ष म्हणजे जिभेचं टोक वर, थोडं मागे. ‘कष्ट’ किंवा ‘दुष्ट’ सावकाश म्हटलंत तर पुढच्या ट मुळे जीभ योग्य जागी जाते. तिथेच थांबा आणि ष लांबवा.

श्श हा उलट: जीभ सपाट, ‘शिवाजी’तल्या श सारखा, पण दुप्पट लांब. ‘बोर्श्श’ या बीटच्या सूपच्या नावात तो येतो. इंग्रजी स्पेलिंग बघून त्यात ‘च’ घालू नका. जुन्या पीटर्सबर्गी उच्चारात ‘श्च’ होता, आजच्या प्रमाण उच्चारात नाही.

झ़ मराठीत नाही. गळ्यावर हात ठेवून ष लांबवा आणि मध्येच आवाज सुरू करा, म्हणजे गळा थरथरला पाहिजे. जीभ हलली आणि ज किंवा झ झाला, तर पुन्हा ष पासून सुरुवात.

ख़?

आपला ख हवा अडवून सोडतो. रशियन ख़ अडवतच नाही. क च्या जागी जीभ न्या पण टेकवू नका, फटीतून हवा जाऊ द्या. खाकरल्यासारखं करायला सांगतात, ते जरा जास्त होतं. ‘ख़राषोऽ’, ‘ख़्ल्येप’.

‘गोर्बाचेव्ह’ की ‘गर्बाचोफ़’?

मराठीत लिहायचं तर रूढ झालेलं लिहा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. रशियन बोलताना मात्र ‘गर्बाचोऽफ़’. एका नावात तीन गोष्टी घडतात. आघात नसलेला ओ अ होतो. ‘यो’ या अक्षरावरचे दोन ठिपके छापताना सहसा गाळतात, म्हणून परदेशी वाचक ते ‘ये’ वाचतो. आणि शब्दाच्या शेवटचा व अघोष होऊन फ़ होतो. ख्रुश्चेव्ह याच न्यायाने ‘ख़्रुश्श्योऽफ़’.

शेवटचं घोष व्यंजन अघोष होणं सगळीकडे चालतं: मित्र ‘द्रूग’ लिहायचा, ‘द्रूक’ म्हणायचा. वर्ष ‘गोद’, म्हणायचं ‘गोत’. त्यामुळे ‘कुरण’ आणि ‘कांदा’ कानाला एकच, ‘लूक’. शब्दाच्या मध्येही शेजारचं व्यंजन ओढून घेतं, म्हणून वोडका तिच्या घरी ‘वोऽत्का’ असते.

सुरुवातीचा व खरा व असतो, पण आपल्यापेक्षा करकरीत: वरचे दात खालच्या ओठावर टेकवा.

आघात कुठे द्यायचा हे कसं ओळखायचं?

ओळखता येत नाही. नियम नाही, खूण छापत नाहीत. प्रत्येक शब्द आघातासकट पाठ करायचा, वहीत शब्द लिहितानाच वर रेघ मारायची. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्याला तो ऐकूच येत नाही, आणि इथे मराठीचा काही उपयोग नाही हे मान्य करून टाकावं.

आघात असलेला स्वर लांब आणि स्पष्ट, बाकीचे सुकतात. ओ आणि आ एकसारखे होतात: आघाताच्या लगेच आधी आखूड ‘आ’, त्याहून लांब असेल तर ‘घर’मधला अ. दूध लिहितात तीन ओ घालून, म्हणतात ‘मलाकोऽ’. ये आणि या आघाताविना ‘इ’कडे झुकतात: नदी ‘रिकाऽ’. लिहिल्याप्रमाणे सगळे ओ स्पष्ट म्हणणारा विद्यार्थी समोरच्याला कळतो, पण व्होल्गाकाठच्या खेड्यातल्या एखाद्या जुन्या माणसासारखा वाटतो. उत्तरेकडच्या बोलींत तसं बोलत आले आहेत.

‘ज़ाऽमक’ किल्लेवजा वाडा, ‘ज़ामोऽक’ कुलूप. ‘प्लाऽचु’ मी रडतोय, ‘प्लाचूऽ’ मी पैसे देतोय. दुकानात दोन्ही खरं असू शकतं. आणि ‘पिसाऽत’’ म्हणजे लिहिणे. यातला आघात पहिल्या अक्षरावर गेला तर शब्द मुतण्याचा होतो. वर्गात मी हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी ‘मला लिहायला आवडतं’ म्हणताना भान ठेवतं.

एवढी जोडाक्षरं एका दमात कशी म्हणायची?

मागून पुढे या. ‘फ़्स्त्र्येऽचा’ (भेट) म्हणायचंय? चा – र्येचा – त्र्येचा – स्त्र्येचा – फ़्स्त्र्येचा. ‘स्त्री’ म्हणणाऱ्या माणसाला यात नवीन असा फक्त पुढचा फ़ आहे. मध्ये अ घुसू द्यायचा नाही, तेवढंच.

शिवाय लिहिलेलं सगळं म्हणायचं नसतं. नमस्कारासाठीचा तो लांबलचक शब्द बघून लोक पुस्तक मिटतात, पण त्यातला पहिला व मुका आहे: ‘ज़्द्राऽस्त्वुय्त्ये’. ‘सूर्य’ या शब्दातला ल मुका, ‘हृदय’मधला द मुका. ‘आज’ या शब्दात ग लिहितात आणि व म्हणतात: ‘सिवोऽद्न्या’.

मी रशियात एमबीबीएससाठी जाणार आहे. कोर्स इंग्रजीत आहे. उच्चारांची एवढी गरज आहे का?

वर्ग इंग्रजीत असतील, रुग्ण इंग्रजीत दुखणं सांगणार नाहीत. वॉर्डात जायची वेळ आली की ‘ग्द्ये बालीऽत?’ (कुठे दुखतंय?) आणि ‘बोऽल’ना?’ (दुखतंय का?) हे लागतंच. दोन्हींत मऊ ल आहे. स्टेथोस्कोप लावून ‘श्वास घ्या’ म्हणायचं तर ‘द[ई]ष[ई]ऽत्ये’: एका शब्दात तो स्वर दोनदा, मध्ये जड ष, शेवटी मऊ त. या एका शब्दावर आठवडा घातला तरी वाया जाणार नाही. ‘तोंड उघडा’ सोपं आहे: ‘अत्क्रोऽय्त्ये रोत’.

रुग्णाचं उत्तर समजणं हा दुसरा अर्धा भाग. वयस्कर माणूस, कुजबुजता आवाज, अर्धे स्वर गिळलेले. म्हणून जाण्याआधीच्या महिन्यांत बोलण्याइतकंच ऐकण्यावर लक्ष द्या.

सराव कसा करू? रोज किती वेळ?

वीस मिनिटं पुरेत, पण रोज. आधी ऐका. ‘फोर्वो’ या संकेतस्थळावर रशियन भाषकांनी सुटे शब्द म्हणून ठेवले आहेत. वरच्या जोड्यांतले दोन्ही शब्द तिथे ऐका, डोळे मिटून कुठला कुठला ते ओळखा. दहातले नऊ ओळखता येईपर्यंत स्वतः म्हणायची घाई नको.

मग फोनवर रशियन कीबोर्ड घालून बोलून टाइप करा. एकच शब्द म्हणा, वाक्य नको. वाक्य दिलं की फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि चुका झाकतो.

‘न द्वार्येऽ त्रावाऽ, न त्राव्येऽ द्रावाऽ’ (अंगणात गवत, गवतावर सरपण) ही पारंपरिक बोबडी वळवणारी ओळ म्हणा. लिहिताना एका शब्दात आ आणि दुसऱ्यात ओ आहे, तरी यमक चोख जुळतं. ते जुळलं म्हणजे आघात बरोबर पडला. ष आणि स साठी ‘ष्ला साऽषा प षासेऽ इ सासाऽला सूऽष्कू’.

समोर माणूस असलेला केव्हाही बरा. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, मुंबई विद्यापीठाचा रशियन विभाग, पेडर रोडवरचं रशियन केंद्र, जिथे जमेल तिथे चौकशी करा. ऑनलाइन शिकवणारा निवडताना तो तुमचं चुकलेलं थांबवतो का, हे पहिल्या तासाला बघा. फार गोड बोलणारे शिक्षक ‘मालाद्येऽत्स’ म्हणजे शाब्बास म्हणत पुढे जातात.

वय चाळीस आहे. जमेल का?

कळेल असं बोलणं नक्की जमेल. रशियन वाटावं असं बोलणं बहुतेकांना विशीतही जमत नाही, आणि त्याची गरजही नसते.

रशियन लोक माझं नाव नीट का घेत नाहीत?

कारण त्यांच्याकडे ह नाही, महाप्राण नाहीत, ण आणि ळ नाहीत. महेशचा ‘माख़्येष’ होणार, मधुराच्या ध मधून हवा निघून जाणार. पूर्वी ह च्या जागी ग लिहायची पद्धत होती, म्हणून हिमालय अजून ‘गिमालाऽइ’ आहे. पुण्याला ते ‘पूऽना’ म्हणतात. आघात तर हवा तिथे पडतो. पहिल्या भेटीतच नाव सावकाश, एका अक्षरावर जोर देऊन सांगा, म्हणजे निदान रोज एकाच पद्धतीने चुकीचं घेतील. कागदपत्रांवर नाव रशियन अक्षरांत लिहायची वेळ आली की एकदाच एक स्पेलिंग ठरवा आणि पासपोर्टच्या भाषांतरापासून विद्यापीठाच्या ओळखपत्रापर्यंत तेच ठेवा. ‘ख़’ की ‘ग’ हा गोंधळ तिथे उच्चारापेक्षा महागात पडतो.